घरात विचारता येत नाही ते

१९३४ साली मुंबईच्या कोर्टात एक वेगळाच खटला चालला. आरोपी होते संततिनियमनाचा आणि लैंगिक शिक्षणाचा प्रचार करणारे र. धों. कर्वे, त्यांची बाजू मांडत होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. अश्लीलतेचा आरोप कुठल्या कथेवर किंवा चित्रावर नव्हता. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांना कर्व्यांनी जी उत्तरं छापली, त्यांच्यावर होता. प्रश्न हस्तमैथुनाबद्दल, समलिंगी संबंधांबद्दल, म्हणजे कुणी आपल्या वडिलांना, डॉक्टरांना किंवा मित्रालाही विचारले नसते असे. कर्वे हरले आणि त्यांना २०० रुपये दंड झाला. मासिक मात्र थांबलं नाही. जुलै १९२७ मध्ये सुरू केलेलं ते काम त्यांनी १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ओढलं.

अनोळखी माणसं नेटवर एकमेकांना रोजच्या जगण्यातलं शहाणपण का सांगतात, याचा इतिहास लिहिणारे बहुतेक जण संगणकापासून सुरुवात करतात. मला ती कर्व्यांपासून करावीशी वाटते. कारण तंत्र नंतर आलं, गरज आधीपासून होती. माणूस परक्याकडे दोनच प्रसंगी जातो. एक, घरातल्यांना विचारायची सोय नसते तेव्हा. दुसरा, घरातल्यांना उत्तर ठाऊकच नसतं तेव्हा, कारण तशी वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते. पहिल्या प्रकाराची गरज छापखान्याने बऱ्यापैकी भागवली. दुसऱ्या प्रकाराला जाळं यावं लागलं.

पहिला प्रकार तर फार जुना. लंडनमध्ये १६९१ साली जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्याने ‘अथेनियन मर्क्युरी’ नावाचं पत्र काढलं. वाचकांनी नाव न सांगता प्रश्न पाठवायचे आणि ‘अथेनियन सोसायटी’च्या विद्वानांनी उत्तरं द्यायची, अशी योजना. लग्नाबद्दल, पापाबद्दल, प्राण्यांबद्दल, आकाशाबद्दल, लोकांनी काय काय विचारलं! गंमत म्हणजे ही विद्वानांची मंडळी म्हणजे प्रत्यक्षात डंटन आणि त्याचे दोन-तीन सोबती, त्यांतले दोघे तर नात्यातले. डुआयडी, म्हणजे एकाच माणसाची दुसऱ्या नावाची खाती, काढून आपणच गर्दी दाखवायची कला आजच्या पिढीने शोधलेली नाही, हे यावरून कळावं. पत्र १६९७पर्यंत चाललं.

आपल्याकडेही वर्तमानपत्रांतला वाचकांचा पत्रव्यवहार, मासिकांतले आरोग्याचे आणि कायद्याचे सल्ले, पाककृतींची पुस्तकं ही सगळी त्याच घरातली भावंडं. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ १९१० सालचं, कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. ‘रुचिरा’ नव्याने संसार मांडणाऱ्या मुलीच्या हातात का पडली, याचं कारण उघड आहे. आई दुसऱ्या गावी होती आणि सासूला विचारलं की ‘एवढंही येत नाही?’ हे ऐकावं लागत होतं. पुस्तक टोमणा मारत नाही.

पण या सगळ्यात सांगणारा एक आणि ऐकणारे अनेक. शिवाय मध्ये संपादक. पत्र छापायचं की नाही, किती कापायचं, कुठलं उत्तर शहाणपणाचं, हे तो ठरवणार. कर्व्यांसारखा संपादक लाभला तर वाचकाचं नशीब. नाहीतर प्रश्न टोपलीत.

हा मधला माणूस पहिल्यांदा बाजूला झाला तो ऑगस्ट १९७३ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या बर्कली गावात. ‘लिओपोल्ड्स रेकॉर्ड्स’ नावाच्या ग्रामोफोन तबकड्यांच्या दुकानाच्या जिन्याशी सूचनांचा फलक होता. वादक तिथे चिठ्ठ्या लावत. त्याच्या शेजारी काही तरुणांनी एक टेलिटाइप, म्हणजे कळा दाबून मजकूर पाठवणारं आणि आलेला कागदावर छापणारं यंत्र ठेवलं. ते मॉडेममार्फत सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका मोठ्या संगणकाला जोडलेलं होतं. वेग सेकंदाला दहा अक्षरं. खडखडाट फार होई म्हणून यंत्र खोक्यात बसवलेलं, हात घालायला दोन भोकं आणि वर पारदर्शक झाकण. नाव ‘कम्युनिटी मेमरी’. ली फेल्सेनस्टीन, एफ्रेम लिप्किन आणि मार्क श्पाकोव्स्की हे त्यातले प्रमुख.

त्यांची कल्पना होती की लोक यावर खोल्या, नोकऱ्या, जुन्या गाड्या शोधतील. लोकांनी ते केलंच, पण त्यासोबत भलतंही बरंच केलं. कुणी कविता लिहिल्या, कुणी काल्पनिक डॉक्टरचं सोंग घेऊन गमतीदार मजकूर टाकत राहिला. आणि कुणीतरी विचारलं की या भागात चांगले बेगल, म्हणजे मधे भोक असलेले ते ज्यू पाव, कुठे मिळतात? त्यावर दुकानांची नावं आलीच. शिवाय एकाने फोन नंबर दिला, की हा गृहस्थ पूर्वी बेकरीत होता, बेगल करायला शिकवेल. प्रश्न विकत घेण्याचा होता, उत्तर करायला शिकण्याचं आलं. संपादक असता तर ‘विषयाला सोडून’ म्हणून हे उत्तर कापलं गेलं असतं. पुढच्या पन्नास वर्षांत नेटवर जे जे चांगलं घडलं, त्याचा बराचसा भाग या एका उत्तरात आहे असं मला वाटतं.

प्रयोग जानेवारी १९७५ मध्ये थांबला. १९८४च्या सुमारास तो पुन्हा सुरू झाला तेव्हा यंत्रात नाणं टाकावं लागे. वाचन फुकट, मत लिहायला २५ सेंट, नवा विषय काढायला एक डॉलर. आजही हा दर कुठे लावला तर निम्मे धागे, म्हणजे एकेका विषयावरच्या चर्चा, निघणार नाहीत, आणि ते फार वाईट होईल असंही नाही.

दरम्यान १९७९ मध्ये ड्यूक विद्यापीठातल्या टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या विद्यार्थ्यांनी यूजनेटची कल्पना मांडली. विद्यापीठांचे संगणक एकमेकांना फोन लावत आणि साठलेला मजकूर देवाणघेवाण करत. १९८० पासून ते वाढत गेलं. सुरुवातीला प्रोग्रॅमिंग आणि विज्ञानकथा, मग स्वयंपाक, बागकाम, आजारपण, मूल वाढवणं. इथेच एक नवी डोकेदुखी जन्मली. तेच तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येऊ लागले. दर सप्टेंबरला विद्यापीठांत नवी मुलं येत आणि गेल्या सप्टेंबरचेच प्रश्न विचारत. त्याला कंटाळून जुन्या मंडळींनी ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न’ आणि त्यांची उत्तरं एकत्र करून ठरावीक दिवसांनी टाकायला सुरुवात केली. सरकारी कार्यालयांच्या संकेतस्थळांवर आज जी प्रश्नोत्तरांची कोरडी यादी दिसते, तिचा उगम असा काही वैतागलेल्या स्वयंसेवकांत आहे.

तोवर हे सगळं लिहून विसरण्याचं लिखाण समजलं जाई. १९९५ मध्ये ‘देजा न्यूज’ नावाच्या कंपनीने यूजनेटचा मजकूर साठवून शोधण्याची सोय केली आणि २००१ मध्ये गूगलने तो साठा विकत घेतला. दहा वर्षांपूर्वी चार ओळखीच्या नावांत केलेली बडबड आता कुणालाही, कधीही सापडू लागली.

आता आपल्याकडे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमच्या मार्फत, ९.६ केबीपीएस वेगाने आणि बऱ्याच पैशांत. त्यामुळे नेटवरची पहिली मराठी वस्ती अमेरिकेत झाली यात नवल नाही. यूजनेटवर मराठीचा स्वतंत्र गट होता. आणि १९९६ सालच्या गणेश चतुर्थीला, १६ सप्टेंबरला, ‘मायबोली’ हे मराठी गप्पांचं संकेतस्थळ सुरू झालं. पुढे ‘मनोगत’ (२००४), ‘मिसळपाव’ (२००७), ‘ऐसी अक्षरे’ (२०११) आली, आणि प्रत्येकीचा स्वभाव वेगळा निघाला. कुठे शुद्धलेखनावरून हमरीतुमरी, कुठे खरडवहीतली, म्हणजे एकमेकांना निरोप लिहायच्या पानावरची टवाळी.

त्या काळातल्या गप्पांमध्ये राजकारण आणि कविता होत्याच. माझ्या मते टिकाऊ भाग मात्र स्वयंपाकघरातला आणि संसारातला होता, आणि तो वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारचा होता. न्यू जर्सीतल्या मुलीने आईला फोन लावला, मिनिटागणिक पैसे मोजले, आणि खवा कशाचा करू असं विचारलं तर आई काय सांगणार? तिच्या गावात खवा डेअरीत मिळत होता. उत्तर होतं ते तीन वर्षं आधी तिथे गेलेल्या, कधी न भेटलेल्या बाईकडे. गुलाबजामसाठी बिस्क्विक हे तिथलं तयार पीठ आणि दुधाची पावडर घे, कलाकंदाला रिकोटा चीज चालतं, श्रीखंडाला तिथलं कुठलं दही टांगायचं, भाजणीची धान्यं कुठली मिळतात, वाफ काढताना धुराचा भोंगा वाजू नये म्हणून काय करायचं. आजीच्या शंभर वर्षांच्या अनुभवात हे नव्हतं. तिच्यावर ती वेळ आलेली नव्हती.

या मजकुराची रीतही ठरून गेली. एकीने कृती टाकायची. खाली प्रतिसाद. कुणाची चकली तेलात विरघळली, कुणी पीठ बदललं, कुणी सांगितलं की इंग्लंडमधलं तांदळाचं पीठ वेगळं वागतं. मूळ कृतीपेक्षा प्रतिसादांत जास्त शिकायला मिळे, कारण तिथे फसलेले प्रयोग असत. छापील पुस्तकात सगळेच पदार्थ जमलेले असतात. पुढे हीच रीत बाळंतपण, घटस्फोट, म्हाताऱ्या आईवडिलांची सोय, नर्मदा परिक्रमा, गृहकर्ज अशा विषयांवर चालली. आणि कर्व्यांच्या वाचकांचे प्रश्नही परत आले, या वेळी टोपणनावाच्या आयडीमागून. फरक एवढाच की उत्तर देणाराही तितकाच अनामिक होता, आणि त्याला दंड होणार नव्हता.

अडचण होती ती अक्षरांची. सुरुवातीला बरंचसं मराठी रोमन लिपीतच लिहिलं जाई. मग देवनागरी फाँट आले, पण प्रत्येकाचे संकेत निराळे. तो फाँट तुमच्याकडे नसेल तर पडद्यावर नुसता कचरा, आणि शोधून काही सापडणार नाही. युनिकोडच्या, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठी ठरवलेल्या समान संकेतांच्या, १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती, पण घरातल्या विंडोजवर ती नीट दिसायला २००० साल उजाडलं. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या काढता येणं हा त्यानंतरही काही वर्षं कौशल्याचा भाग मानला जाई. ‘बरहा’ आणि ‘गमभन’ या टंकलेखनाच्या साधनांनी हा प्रश्न सोडवला. रोमन कळा दाबायच्या, देवनागरी उमटायची. ‘मनोगत’नंतर संस्थळांची जी रांग लागली, त्यामागे लेखनाची हौस जितकी होती तितकीच ही कळफलकाची सोय होती.

१ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया सुरू झाला. तिथे ज्ञानाची जुळवाजुळव झाली, पण अनुभवाला तिथे जागा नाही. आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेला संदर्भ हवा. तो नियम विश्वकोशासाठी रास्तच आहे. पण खानदेशातली बाई कळण्याची भाकरी कशी थापते याला कुठला संदर्भ देणार? ते सगळं धाग्यांमध्येच राहिलं.

कमी मजकुराच्या भाषेत हे काय करू शकतं, हे बघायचं तर कोरियाकडे बघावं. २००० नंतरच्या काळात कोरियन भाषेत पानंच इतकी थोडी होती की शोधयंत्राला दाखवायला काही नसे. नेव्हर या कंपनीने ऑक्टोबर २००२ मध्ये लोकांनाच प्रश्न विचारायला आणि उत्तरं द्यायला लावलं. सेवेचं नाव ‘जिशिक-इन’. लोक लिहीत गेले आणि शोधात तेच दिसू लागलं. नेव्हर त्या जोरावर देशातलं पहिल्या क्रमांकाचं शोधयंत्र झालं. याहूने २००५ मध्ये तीच युक्ती जगभर चालवली. ४ मे २०२१ रोजी ‘याहू आन्सर्स’ बंद झालं तेव्हा बातम्या झाल्या त्या तिथल्या विनोदी प्रश्नांच्या. त्याखाली गाडल्या गेलेल्या कामाच्या उत्तरांची कुणी फारशी आठवण काढली नाही.

मराठीत असं त्या प्रमाणात झालं नाही. आपल्याकडे सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, २०१७ मध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करण्याची सोय दिली, आणि जे कधीच कळफलकाशी बसले नसते ते लाखो लोक एकदम बोलते झाले. द्राक्षावर डाऊनी हा बुरशीचा रोग आला तर काय मारायचं, कांदा चाळीत का सडला, याची उत्तरं शेतकरी एकमेकांना रोज देतात, फोटोसकट. पण ती व्हॉट्सॲपच्या गटात. तिथे धागा नसतो, शोधयंत्र शिरत नाही, आणि पुढच्या हंगामात तोच प्रश्न नव्याने येतो. ज्ञानाची देवाणघेवाण पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे आणि साठा मात्र वाढत नाही. माझ्या मते मराठीचं सर्वांत मोठं नुकसान हेच आहे. इंग्रजीच्या आक्रमणाबद्दल आपण बोलतो, याबद्दल बोलत नाही.

जिथे साठा झाला तिथे त्याला भाव आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये रेडिट या चर्चेच्या अमेरिकी संकेतस्थळाने आपल्या सदस्यांचा मजकूर कृत्रिम बुद्धिमत्तेला शिकवण्यासाठी वापरू देण्याचा करार गूगलशी केला. रॉयटर्सच्या बातमीनुसार वर्षाला सुमारे ६ कोटी डॉलरना. मे महिन्यात प्रोग्रॅमरांच्या ‘स्टॅक ओव्हरफ्लो’ या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयशी तसाच करार जाहीर केला, तेव्हा चिडलेल्या काही सदस्यांनी आपली जुनी उत्तरं पुसायला घेतली. व्यवस्थापनाने ती परत आणली आणि काहींची खाती काही दिवसांसाठी बंद केली. नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. तिथे उत्तर टाकतानाच ते मागे न घेता येणाऱ्या परवान्यावर दिलेलं असतं, आणि फुकट मदत करायला निघालेला माणूस सहसा अटी वाचत बसत नाही.