अडीच किलोची रायफल, ८० हजारांचा दाब

जिंतूर रोडवरच्या पंक्चरच्या दुकानात माझ्या गाडीचं मागचं चाक काढून ठेवलं होतं आणि दुकानदाराचा पोरगा मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवत होता. "हे बघा सर, अमेरिकेतली शिकारीची रायफल. अडीच किलोची म्हणायलेत. अन् आतला दाब ८० हजार पीएसआय!" त्याच्या पाठीमागे कॉम्प्रेसरचा काटा शंभराच्या अलीकडे थरथरत होता. पोराचं लक्ष तिकडे गेलं असावं, कारण लगेच त्यानं विचारलं, "मग ती फुटत कशी नाही?"

चाक बसेपर्यंत जमेल तेवढं सांगितलं. उरलेलं इथे लिहितो.

मोटारसायकलच्या मागच्या चाकात ३०-३२ पीएसआय हवा असते, म्हणजे चौरस इंचावर ३०-३२ पौंडांचा रेटा. कुकर शिट्टी देतो तेव्हा आतली वाफ बाहेरच्या हवेपेक्षा साधारण १५ पीएसआयनं जास्त असते. आपल्याकडे उन्हाळा लागला की गावोगाव फिरणारी बोअरची गाडी काळा पाषाण फोडत खाली जाते, तिचा कॉम्प्रेसर तीनशेच्या आसपास चालतो. आजच्या कॉमन रेल डिझेल इंजिनात पंप डिझेलला २५ ते ३० हजारांपर्यंत दाबतो. या काडतुसात ८० हजार. डिझेलचा पंप मात्र त्याचा दाब तासन्‌तास सांभाळतो, बंदुकीतला सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात चढून उतरतोही.

एवढा दाब हवाच कशाला? बंद पडलेली जीप धक्का मारून चालू करायची असेल तर चार माणसं वीस पावलं पळतात. रस्ता दहाच पावलांचा असेल तर आठ माणसं लागतात. गोळीचंही तसंच आहे. जोर गुणिले अंतर, एवढी ऊर्जा गोळीला मिळते. नळी लांब असेल तर कमी दाबातही वेग गाठता येतो. आखूड केली की माणसं वाढवावी लागतात, म्हणजे दाब वाढवावा लागतो.

नळी आखूड का झाली, याचं कारण गमतीचं आहे. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत शिकाऱ्यांना नळीच्या तोंडाला सायलेन्सर लावायला परवानगी आहे. मोठ्या रायफलचा आवाज १६० डेसिबलच्या वर जातो आणि कान एका बारातही कायमचे अधू होऊ शकतात, त्यामुळे ते लावतातही. सायलेन्सरनं बंदुकीची लांबी सहा-आठ इंच वाढते. डोंगरात, झाडीत ती लांबी आडवी येते, म्हणून नळी कापली जाते. नळी कापली की वेग पडतो. तो भरून काढायला फेडरल कंपनीनं जानेवारी २०२५ मध्ये '७ एमएम बॅककंट्री' नावाचं हे ८० हजारांचं काडतूस आणलं. ११ ग्रॅमची गोळी, २० इंची नळी आणि वेग सेकंदाला सुमारे ९१४ मीटर. गोळीची ऊर्जा ४,६०० ज्यूल भरते. हिशोब मांडला तर त्या अर्ध्या मीटर नळीत गोळीच्या बुडावर सरासरी टनभर जोर लागलेला असतो. माझ्या करंगळीच्या नखाएवढं ते बूड.

आता फुटण्याचा प्रश्न. गोळी पुढे जाते तसाच दाब मागेही रेटतो. काडतुसाच्या आतल्या बुडाचं क्षेत्रफळ पाऊण-एक चौरस सेंटिमीटर धरलं, तर ८० हजार पीएसआयला मागचा रेटा साडेचार टनांच्या घरात जातो. म्हणजे पन्नास हॉर्सपॉवरचे दोन ट्रॅक्टर, काडतुसाला मागून अडवून धरणाऱ्या बोटाएवढ्या दांड्यावर, म्हणजे बोल्टवर. तरी रायफलीच्या पोलादाला हे फारसं अवघड नाही. चांगलं मिश्र पोलाद हे सोसतं. आजवर अडचण होती ती पितळेची.

लोक काडतुसाच्या पुंगळीला नुसती डबी समजतात. खरं तर ती बंदुकीतली सगळ्यात हुशार वस्तू आहे. दारू पेटली की पितळ फुगून नळीच्या मागच्या पोकळीला चिकटतं आणि गरम वायूला मागे यायची वाट बंद करतं. दाब उतरला की थोडं आक्रसतं, म्हणून पुंगळी सहज बाहेर निघते. फुगायचं, बुच बसवायचं आणि परत यायचं, ही तिन्ही कामं ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्ताचं पितळ उत्तम करतं. या मिश्रणाला धातुशास्त्रात काडतुसी पितळ असंच म्हणतात. तांबट भांडं ठोकता ठोकता मधूनच भट्टीत लाल करून घेतो, कारण ठोकल्यानं धातू ताठर होतो आणि तापवल्यानं नरम पडतो. पुंगळीचं बूड ताठर आणि मान नरम, हा तोल कारखान्यात असाच साधतात.

या पितळेला आपल्या पावसाळ्यानं एकदा चांगलाच हिसका दाखवला होता. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानातल्या फौजेची काडतुसं पावसाळाभर तबेल्यांत ठेवायचे. पावसाळा सरल्यावर पेट्या उघडल्या तर पुंगळ्यांच्या मानेला आपोआप तडे गेलेले. ऋतूचा दोष समजून त्याला 'सीझन क्रॅकिंग' नाव पडलं. १९२१ साली उलगडा झाला. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि घडवताना पितळेत अडकून राहिलेला ताण, या दोघांनी मिळून धातू चिरला होता. उपायही साधाच निघाला. पुंगळ्या मंद आचेवर तापवून तो ताण घालवायचा.

पितळेची दुसरी मर्यादा दाबाची. साधारण ६५ हजार पीएसआयच्या पुढे बूड कायमचं पसरायला लागतं, दारू पेटवणारी टोपी बसायची खोबण सैल होते आणि वायू मागून निसटण्याचा धोका येतो. म्हणून आपल्या ओळखीची काडतुसं या रेषेच्या आत राहिली. पोलिसांच्या खांद्यावर पिढ्यान्‌पिढ्या दिसलेली थ्री नॉट थ्री ४९ हजारांची, .३०-०६ ही ६० हजारांची, .३०८ ही ६२ हजारांची. १९६२ च्या चीन युद्धानंतर ईशापूरच्या कारखान्यानं जुन्या थ्री नॉट थ्रीच्या बांधणीवर ७.६२ मिलिमीटरची रायफल काढली, तेव्हा आधी पोलाद बदललं. बांधणी तीच, पण वाढीव दाब सोसणारा धातू वेगळा.

८० हजाराची उडी मारताना पुंगळीच बदलली. सिग सॉएर कंपनीच्या .२७७ फ्युरीत बूड स्टेनलेस स्टीलचं आणि अंग पितळेचं आहे. अमेरिकी लष्करानं एप्रिल २०२२ मध्ये याच घराण्यातलं काडतूस आणि त्याची रायफल निवडली. चिलखत घातलेल्या शत्रूला लांबून भेदायचं, हा हेतू. ती रायफल आधीच्या एम-४ पेक्षा जड आहे, हे मात्र व्हिडिओत कुणी सांगत नाही. फेडरलनं पुढे जाऊन अख्खी पुंगळीच मिश्र पोलादाची केली. पोलादी पुंगळ्या काही नव्या नाहीत. दुसऱ्या महायुद्धात तांब्याची टंचाई पडली तेव्हा जर्मनीनं त्या भरपूर वापरल्या. पण ते साधं स्वस्त पोलाद होतं, दाब वाढवायला आणलेलं नव्हतं.

वजनाचं गणित याच्या उलट दिशेला ओढतं. धाराशिव जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान तोफ होती. १५४९ साली ओतलेली, वजन सुमारे ५५ टन. १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तोफ ओतणाऱ्याला धातूच्या आतली खोट दिसत नव्हती, म्हणून तो जाडी वाढवायचा. आज आतलं पोलाद तपासून घेता येतं, म्हणून जाडी काढून टाकता येते. शिकारीच्या हलक्या रायफलीत बोल्टभोवतीचा सांगाडा टायटॅनियमचा, दस्ता कार्बन फायबरचा आणि पोलादी नळी बारीक करून तिच्यावर कार्बन फायबरचा वेढा असतो. अमेरिकेतल्या उंच डोंगरात आठ-दहा दिवस पाठीवर सामान घेऊन चढणाऱ्याला किलोभर कमी झाल्याचं सुख मोठं. वारीत चालणाऱ्याला ते सांगायला नको.

पण संवेगाचा, म्हणजे वजन गुणिले वेगाचा, हिशोब चुकवता येत नाही. गोळी पुढे गेली तेवढ्याच संवेगानं बंदूक मागे येते. वरच्याच ११ ग्रॅमच्या गोळीपुरतं बघू. ४ किलोची रायफल सेकंदाला अडीच मीटरनं मागे येईल आणि खांद्यात १२-१३ ज्यूल घालेल. अडीच किलोची ४ मीटरनं येईल आणि २० ज्यूल घालेल. नळीतून सुसाट सुटणाऱ्या वायूचा धक्का यात धरलेलाच नाही. तो धरला तर दोन्ही आकडे बरेच वाढतात. असे चार बार काढले की पाचव्याला माणूस घोडा ओढायच्या आधीच डोळे मिटतो. शिवाय हलकी बंदूक श्वासाबरोबर हलते, बारीक नळी लवकर तापते, तापली की गोळी जरा भलतीकडे जाते. जास्त दाबाचा, जास्त तापलेला वायू नळीचा आतला घसाही लवकर खातो. माझ्या मते यातली खरी करामत धातूची आहे. हलकेपणाची जी जाहिरात चालते, ती अर्धीच गोष्ट सांगते.

आमच्या चुलत्यांकडे बारा बोअर होती. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले तर त्यातला एक जेमतेम मावेल एवढी नळी. तिचा दाब ११,५०० पीएसआयच्या आत असतो, म्हणून नळी एवढी रुंद असूनही पातळ पत्र्यासारखी असते. हंगामात जागलीला जाताना चुलते ती खांद्याला लावायचे. उडवल्याचं एकदाच आठवतं, आणि तेही हवेत.

चाक बसलं तेव्हा पोरानं शेवटी मनातलं विचारलं, "अशी एखादी आपल्याकडं मिळंल का? रोह्यांनी तूर ठेवलीच नाही औंदा." मिळणार नाही, आणि मिळाली तरी उपयोग नाही, असं मी म्हणालो. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद आहे. पीक खाणारं रानडुक्कर किंवा रोही, म्हणजे नीलगाय, मारायचं तरी वन खात्याची लेखी परवानगी लागते. त्याची नाराजी मला कळत होती. रात्र-रात्र जागल करून सकाळी तुडवलेला हरभरा बघणाऱ्याला कायद्याचं कलम वाचून दाखवणं सोपं असतं.

पण दुसरं कारण कायद्याचं नाही. बारा बोअरचे बारीक छर्रे दोन-तीनशे मीटरवर जमिनीला लागतात. नेम चुकलेली रायफलची गोळी चार-पाच किलोमीटर जाऊ शकते. अमेरिकेतल्या डोंगरात तिला अडवायला मागे कडा असतो. आमच्याकडे पूर्णेच्या काठापर्यंत सपाट काळं रान आहे, आणि हरभरा घाट्यावर आला की रात्री मचाणावरून चारी दिशांना जागलीवाल्यांच्या बॅटऱ्या दिसतात.