पाणी उकळलं, आकडा मात्र साठीतच

भांड्यातलं पाणी खळखळ उकळतंय, भांड्याला बाहेरून चिकटवलेला एलएम३५ हा तापमानाचा सेन्सर चांगलाच तापलाय, पण रास्पबेरी पाय पिको या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाला जोडलेल्या स्क्रीनवरचा आकडा साठ-पासष्ट अंशांच्या पुढे हलत नाही. संशय आधी प्रोग्रॅमवर जातो, मग सेन्सरवर. बहुतेक वेळा दोघेही निर्दोष असतात. घोळ असतो मधल्या एलएम३५८ ऑप-अँपचा (सेन्सरचा सिग्नल मोठा करणाऱ्या चिपचा), आणि तोही ३.३ व्होल्टवर चालवल्यामुळे.

हिशोब करून पाहा. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे १०० अंशांना १ व्होल्ट. पिको ३.३ व्होल्टचे ४०९६ भाग करतो, त्यातले एका अंशाच्या वाट्याला जेमतेम १२ येतात. म्हणून ऑप-अँपला २० आणि १० किलोओहमचे रेझिस्टर लावून सिग्नल तिप्पट करायचा. कागदावर सगळं जमतं. पण एलएम३५८चं आउटपुट ग्राउंडच्या (शून्य व्होल्टच्या) जवळ उतरत असलं, तरी वर जाताना पुरवठ्याच्या सुमारे दीड व्होल्ट अलीकडेच थांबतं. ३.३ मधून दीड गेले, उरले १.८, त्याचा तिसरा भाग ०.६ व्होल्ट, म्हणजे ६० अंश! १२ व्होल्टच्या सर्किटमध्ये हा दीड व्होल्ट कुणाच्या लक्षातही येत नाही. १९६८ सालच्या ७४१ या ऑप-अँपचं तर इथे नावच नको, तो अधिक-उणे १५ व्होल्टच्या जमान्यातला.

एलएम३५८ला १२ व्होल्ट देऊन सुटका होत नाही. सेन्सरची तार सुटली तर आउटपुट दहा व्होल्टच्या वर जाऊन पिकोची पिन जाळू शकतं. त्यापेक्षा एमसीपी६००२सारखा रेल-टू-रेल ऑप-अँप घ्यावा. तो १.८ ते ६ व्होल्टवर चालतो, आउटपुट पुरवठ्याच्या दोन्ही टोकांच्या (म्हणजे ‘रेल’च्या) काही मिलिव्होल्ट जवळ नेतो, आणि पायांची रचना एलएम३५८सारखीच, त्यामुळे त्याच सॉकेटात बसतो. (जुन्या १२ व्होल्टच्या सर्किटात मात्र बसवू नका, लगेच मरेल.) त्याला पिकोच्याच ३.३ व्होल्टवर चालवलं की आउटपुट पिनला झेपेल त्याच्या वर जाऊच शकत नाही. एलएम३५ला किमान ४ व्होल्ट लागतात, तो यूएसबीच्या ५ व्होल्टवर ठेवावा.

पुरवठ्याच्या पायाला अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर हवाच. चिपमधला दुसरा ऑप-अँप रिकामा असेल तर त्याचं आउटपुट त्याच्याच उणे इनपुटला जोडा आणि अधिक इनपुटला दोन रेझिस्टरांनी पुरवठ्याच्या अर्धा व्होल्टेज द्या. मोकळा सोडला तर तो उगाच थरथरत बसतो.