ऑगस्टच्या फुलांना कात्री मे महिन्यातच

ब्रिटनमधल्या बागा जूनमध्ये भरभरून फुलतात आणि जुलै सरता सरता ओस पडू लागतात. पिओनी, ल्युपिन, डेल्फिनियम आटोपलेली असतात आणि कुंपणालगतच्या लांब वाफ्यात नुसतीच पानं उरतात. ही पोकळी ऑगस्ट ते ऑक्टोबर भरून काढतात ती हेलेनियम, रुडबेकिया, फ्लॉक्स आणि बहुवर्षायू अ‍ॅस्टर ही उंच झाडं. लंडन, लेस्टर किंवा अमेरिकेत न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बागेतही ती सहज येतात. फक्त पुण्याच्या फुलबाजारात दिसतो तो अ‍ॅस्टर यात धरू नका. तो चायना अ‍ॅस्टर, एका हंगामात संपणारा.

ही झाडं मूळची उत्तर अमेरिकेची, त्यातली बरीचशी तिथल्या गवताळ प्रदेशातली. तिथलं बिग ब्लूस्टेम हे गवत दोन मीटरपर्यंत वाढतं. त्याच्या गर्दीत फूल मधमाशीला दिसायचं तर आधी गवताच्या बरोबरीनं उंच व्हायला हवं. शिवाय थंडीत वरचा सगळा भाग मरतो, जमिनीलगतच्या गड्ड्यावरचे डोळे तेवढे जिवंत राहतात. म्हणजे दर वसंतात ही उंची पुन्हा शून्यापासून गाठायची. म्हणूनच उंची आणि उशीर या झाडांत जोडीनंच येतात.

फुलायचं कधी, हे बऱ्याच अंशी दिवसाच्या लांबीवर ठरतं. गार्नर आणि अ‍ॅलर्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून हे दाखवलं. पानांतलं फायटोक्रोम हे रंगद्रव्य उजेड टिपतं आणि त्याच्या जोरावर झाड रात्रीची लांबी मोजतं. आपली शेवंती रात्री लांबल्या की कळ्या धरते. अ‍ॅस्टरही दिवस आखडू लागल्यावरच कळ्यांवर येतात. रुडबेकिया आणि हेलेनियम यांना मात्र कळी धरायला लांब दिवस लागतात. 21 जूनच्या सुमारास लंडनला साडेसोळा तासांचा दिवस असतो, मुंबईला जेमतेम सव्वातेरा. त्यामुळे रुडबेकियाची ‘गोल्डस्टर्म’ ही प्रसिद्ध जात हौसेनं महाराष्ट्रात आणली, तर पानांचा झुबका होऊन बसण्याचीच शक्यता जास्त.

लागवड मार्च-एप्रिलमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये करावी. जमीन चिकण असेल तर वसंतच बरा, कारण या झाडांना थंडीपेक्षा थंडीतला साचलेला ओलावा जास्त मारतो, गड्डा कुजतो. दिवसाला किमान सहा तास ऊन हवं. दोन रोपांत 45 ते 60 सेंटीमीटर अंतर ठेवून एका जातीची तीन-तीन रोपं एकत्र लावावीत. एकेकटं रोप मोठ्या वाफ्यात हरवतं. वरून कुजलेल्या कंपोस्टचा 5 सेंटीमीटरचा थर पुरे. युरियासारखं नत्र देण्याचा मोह आवरा. नत्रानं खोड भराभर वाढतं, पण लुसलुशीत राहतं आणि ऑगस्टच्या पहिल्याच वादळी पावसात आडवं होतं.

खरी कारागिरी मेच्या अखेरीस. इंग्लंडमध्ये या कापणीला ‘चेल्सी चॉप’ म्हणतात, कारण लंडनचं चेल्सी पुष्पप्रदर्शन त्याच सुमारास भरतं. हेलेनियम, फ्लॉक्स किंवा अ‍ॅस्टर तेव्हा गुडघ्याच्या आसपास आलेले असतात. त्यांचा वरचा एक तृतीयांश ते निम्मा भाग धारदार कात्रीनं, पानाच्या जोडाच्या किंचित वर कापायचा. शेवंतीचे शेंडे खुडणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. शेंड्यात तयार होणारं ऑक्झिन हे संप्रेरक खोडातून खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब उठतो आणि एका काडीच्या जागी दोन-तीन फुटवे येतात. फुलं थोडी लहान पण जास्त येतात, झाड बुटकं आणि भक्कम होतं, बहर काही आठवडे पुढे सरकतो. अख्खा झुबका न कापता फक्त पुढच्या निम्म्या काड्या कापल्या, तर मागच्या आधी आणि पुढच्या नंतर फुलतात. हा प्रकार आमच्या मते सर्वांत फायद्याचा. जुलैत मात्र कात्री लावू नये. तोवर कळ्या धरू लागतात आणि कापून टाकतो ती फुलंच. हीच कापणी पिओनीवर केली तर त्या वर्षी फूल नाही, कारण तिची एक काडी एकदाच कळी धरते.

दीड मीटरवर जाणाऱ्या जातींना आधार लागतोच. तो मेमध्ये, झाड फूटभर असतानाच रोवावा आणि अपेक्षित उंचीच्या दोन तृतीयांशापर्यंत असावा. कललेलं झाड नंतर बांधलं तर केरसुणीसारखं दिसतं.

फ्लॉक्स आणि अ‍ॅस्टरवर भुरी, म्हणजे पानांवर पांढरी पूड धरणारी बुरशी, येते ती बहुधा उन्हाळा कोरडा गेल्यावर. इतर अनेक बुरश्यांना रुजायला पानावर पाणी लागतं. भुरीच्या बीजाणूंना लागत नाही. तहानलेलं झाड आणि दाटीतली कोंदट हवा एवढं त्यांना पुरतं. म्हणून वसंतात प्रत्येक झुबक्यातले एक तृतीयांश किडकिडीत फुटवे मुळापासून काढून टाका. पाऊस नसेल तेव्हा आठवड्यातून एकदा, चौरस मीटरला 25 लिटरच्या हिशोबानं, बुंध्याशी पाणी द्या. अ‍ॅस्टर निवडताना ‘नोव्ही-बेल्जी’ गटाऐवजी ‘नोव्हे-अँग्लिए’ गटातला घेतला तर भुरीची कटकट बरीच कमी होते.

हेलेनियमची गोष्ट वेगळी. एप्रिलमध्ये त्याचे कोवळे कोंब गोगलगायी रातोरात साफ करतात, तेव्हा अंधार पडल्यावर टॉर्च घेऊन त्या वेचाव्या लागतात. दर तीन वर्षांनी गड्डा उकरून मधला म्हातारा भाग फेकावा आणि कडेचे जोमदार तुकडे पुन्हा लावावेत.

फ्लॉक्सचा गड्डा मात्र फोडण्याआधी पानं नीट पाहा. शेंड्याची पानं दोऱ्यासारखी बारीक आणि खोड फुगून तडकलेलं असेल, तर आत सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे कृमी, आहेत. गड्डा फोडून लावला तर तेही नव्या जागी जातात. पण ते खोडात आणि पानांत राहतात, मुळांत नाही. त्यामुळे हिवाळ्यात झाड सुप्त असताना मुळं काढून धुवावीत, त्यांचे 5 सेंटीमीटरचे तुकडे करावेत, ट्रेमधल्या कंपोस्टवर आडवे ठेवून वर सेंटीमीटरभर थर द्यावा. वसंतात कोंब येतात आणि रोपं निरोगी निघतात. ती जुन्या जागी लावू नका, जुनं झाड कचऱ्यात टाका. ही युक्ती ‘नोरा ली’सारख्या पांढऱ्या कडेच्या पानांच्या जातीला चालत नाही. पानांचा तो रंग मुळांपासून आलेल्या रोपात उतरत नाही, रोप साधं हिरवं निघतं.