काळ्या दगडांवरची अरबी

दमास्कसच्या आग्नेयेला गेले की काळे वाळवंट सुरू होते. वाळू तिथे कमीच. जुन्या ज्वालामुखींनी ओकलेल्या लाव्ह्याचे बेसॉल्टचे धोंडे नजर पोहोचेल तिथवर पसरलेले असतात. सीरियाच्या दक्षिणेकडून हा पट्टा जॉर्डनच्या ईशान्य भागातून पुढे सौदी अरबस्तानात उतरतो. अरबीत अशा प्रदेशाला हर्रा म्हणतात. या धोंड्यांवर टोकदार दगडाने कोरलेला मजकूर आहे, आणि आजवर नोंदले गेलेले असे लेख तीस हजारांहून जास्त आहेत. ते कोरले मेंढरे आणि उंट राखणाऱ्या माणसांनी, साधारण इ.स.पू. पहिल्या शतकापासून इ.स. चौथ्या शतकापर्यंत.

अरबांचा इतिहास म्हटले की आपण बहुधा सहाव्या-सातव्या शतकातल्या मक्केपासून सुरुवात करतो. त्याआधीचा काळ ‘जाहिलिया’, म्हणजे अज्ञानाचा. लिहिणेवाचणे माहीत नसलेल्या, फक्त तोंडी कविता जपणाऱ्या टोळ्यांचा. हे चित्र पुढच्या काळातल्या ग्रंथांनी रंगवले. दगड काही वेगळेच सांगतात. शिवाय ‘अरब’ हे नाव, अरबी भाषा आणि अरबी लिपी हे आपल्याला एकच वाटणारे तीन धागे खरे तर तीन निरनिराळ्या ठिकाणांहून आले आणि बऱ्याच उशिरा एकत्र विणले गेले.

आधी नावाचे पाहू. त्याची सर्वात जुनी नोंद अरबस्तानात सापडत नाही, ती आजच्या उत्तर इराकमधल्या प्राचीन अ‍ॅसिरियात सापडते. इ.स.पू. 853 मध्ये सीरियातल्या करकार इथे अ‍ॅसिरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याच्याविरुद्ध अनेक राजे एकत्र आले. त्याच्या शिलालेखातल्या शत्रूंच्या यादीत ‘अरब गिंदिबू’ आहे आणि त्याने आणलेले 1000 उंटही आहेत. पुढे शंभरेक वर्षांनी अ‍ॅसिरियाला खंडणी देणाऱ्यांत झबीबे आणि साम्सी या अरबांच्या राण्या येतात. राज्य करणाऱ्या बायका, इ.स.पू. आठव्या शतकात! त्यानंतर बाबिलोनचा राजा नबोनिडस राजधानी सोडून तब्बल दहा वर्षे वायव्य अरबस्तानातल्या तैमा या ओअ‍ॅसिसमध्ये राहिला, आणि तैमाजवळच्या खडकांवर स्थानिक लिपीत त्याचे नाव ‘बाबिलोनचा राजा’ म्हणून कोरलेले सापडले.

पण हे सगळे ‘अरब’ दुसऱ्यांच्या तोंडून ऐकू येतात. रोमनांनी इ.स. 106 मध्ये पेट्राचे नबातियन राज्य खालसा केले आणि त्या प्रांताला ‘अराबिया’ नाव दिले, तेही बाहेरूनच. शेजाऱ्यांनी ठेवलेली नावे आपल्याकडेही पोहोचली. सीरियाक (सीरियाकडच्या ख्रिस्ती लोकांची भाषा) आणि पर्शियन बोलणाऱ्यांनी ‘तायी’ या एकाच अरब टोळीच्या नावावरून सगळ्या अरबांना ओळखायला सुरुवात केली. त्याच नावाचे रूप ‘ताजिक’ म्हणून आठव्या शतकातल्या नवसारीच्या चालुक्य ताम्रपटात उमटले. वर्षफल सांगणाऱ्या ‘ताजिक’ ज्योतिषाचे नाव मराठी वाचकाने ऐकलेले असते; त्या शब्दाच्या मुळाशी हीच वाळवंटातली टोळी आहे.

दक्षिण अरबस्तानाची, म्हणजे आजच्या यमनची, गोष्ट स्वतंत्र आहे. तिथे सबा, कताबान, हद्रमौत, माईन ही धूप आणि गंधरसाच्या व्यापारावर पोसलेली राज्ये होती. मारिबचा प्रचंड बंधारा सबाचा. त्यांची ‘मुस्नद’ लिपी 29 अक्षरांची, भूमितीने आखल्यासारखी देखणी. सबाचा राजा करिबइल वतार याने इ.स.पू. सातव्या शतकाच्या सुरुवातीला सिरवाह इथल्या देवळात आपल्या मोहिमांचा लांबलचक लेख कोरवला. मात्र या लेखांची भाषा अरबी नाही. ती सेमिटिक कुळातली, अरबीची नातलग, पण वेगळी. साधी खूण सांगायची तर ‘तो विशिष्ट राजा’ हे सांगण्यासाठी अरबी शब्दाच्या आधी ‘अल्’ लावते, सबाई भाषा शब्दाच्या शेवटी ‘न’ जोडते. सबाच्या लेखांतही ‘अरब’ येतात, ते बाहेरचे, भटके, लढाईला सोबत घेतलेले लोक म्हणून. यमन हे अरबीचे माहेर असे परंपरा सांगत आली. शिलालेख त्याला दुजोरा देत नाहीत.

हे लेख जगापुढे आले त्यात मुंबईचाही वाटा आहे. 1761 मध्ये कोपनहेगनहून निघालेल्या डॅनिश मोहिमेतले सहकारी एकामागोमाग एक दगावले आणि मुंबईतल्या मुक्कामानंतर कार्स्टन नीबूर एकटाच जिवंत उरला. 1763-64 मध्ये तो इथे होता, घारापुरीच्या लेण्यांची रेखाटने त्याने तेव्हाच केली. यमनमध्ये जुन्या अज्ञात अक्षरांचे लेख आहेत ही बातमी युरोपला त्याच्याकडून मिळाली. पुढे 1834 मध्ये मुंबईच्या आरमाराचे ‘पालिन्युरस’ हे जहाज अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्याची मोजणी करत होते. मुंबई-सुएझ मार्गावरच्या आगबोटींना कोळसा साठवायला जागा हवी होती. त्या जहाजावरच्या अधिकाऱ्यांना हुस्न अल्-घुराबच्या कड्यावर दहा ओळींचा मुस्नद लेख दिसला आणि त्यांनी तो उतरवून घेतला. अशा नकलांच्या आधारे 1841 मध्ये जर्मनीतल्या हाले इथे गेझेनियस आणि र्‍योडिगर यांनी मुस्नद लिपी बऱ्यापैकी उलगडली. तोवर त्या जहाजाचे कप्तान हेन्स एडनचे प्रशासक झाले होते आणि एडन मुंबई सरकारच्या कारभारात आले होते.

मग अरबी बोलत कोण होते? उत्तरासाठी पुन्हा काळ्या धोंड्यांकडे यावे लागते. सिरिल ग्रॅहम यांनी 1857 मध्ये हे लेख पहिल्यांदा पाहिले; दमास्कसजवळच्या ‘सफा’ या लाव्ह्याच्या प्रदेशावरून लिपीला सफाइटिक नाव पडले. एन्नो लिटमान यांनी 1901 मध्ये 28 अक्षरांची उकल पूर्ण केली. ओळ कुठूनही सुरू होते, धोंड्याच्या कडेने वळते, शब्दांत अंतर नाही, स्वर लिहिलेले नाहीत. सुरुवात ठरलेली: ‘अमक्याचे, जो तमक्याचा मुलगा, जो ढमक्याचा मुलगा’, आणि पिढ्या मागे मागे जात राहतात, कधी दहाच्याही पलीकडे. मग त्या दिवसाची हकिगत. इथे गुरे चारली. शत्रूवर नजर ठेवली. पावसाची वाट पाहिली. भावाचा दगड दिसला आणि शोक केला. मेलेल्या माणसाबद्दल ‘मनाय’, म्हणजे दैवाने, त्याला लोळवले असे शब्द येतात. नंतर लात या देवीची प्रार्थना: ‘हे लात, सुखरूप ठेव.’ आणि शेवटी लेख खोडणाऱ्याला शाप: त्याचे डोळे जावोत. ‘खोडणे’ आणि ‘आंधळे करणे’ हे दोन्ही त्या भाषेत एकाच धातूतून येतात, म्हणून हा शाप मूळ शब्दांत जास्त धारदार वाटतो.

या लेखांनी मला सर्वांत जास्त धरून ठेवले आहे. राजाचा लेख लिहवून घेतलेला असतो. इथे राखणीला बसलेल्या माणसाने स्वतः लिहिले आहे. त्याला ना हिशेब ठेवायचा होता, ना हुकूम काढायचा. मायकल मॅक्डॉनल्ड या अभ्यासकाचे म्हणणे असे की जनावरे चरत असताना तासन्‌तास घालवायचे साधन म्हणून हे लोक लिहीत. मला ते पटते, तरी भावाच्या मरणाची ओळ नुसता वेळ घालवायला कोरली असेल असे वाटत नाही.

या लेखांची भाषा अरबीच, फक्त जुनी, असे अहमद अल्-जल्लाद यांनी 2015 मधल्या आपल्या व्याकरणात मांडले. त्याच वर्षी अली अल्-मनासेर यांच्यासोबत त्यांनी ईशान्य जॉर्डनमधला एक लेख प्रसिद्ध केला. तो लिहिणाऱ्या अव्स नावाच्या माणसाने ग्रीक अक्षरे वापरली, आणि ग्रीकमध्ये स्वर लिहावे लागतात! त्यामुळे एरवी कधीच न दिसणारा उच्चार दगडावर उतरला. ‘कानून महिन्यात त्यांनी हिरवा चारा चारला’ अशा अर्थाच्या वाक्यात ‘बक्ला’ हा शब्द कर्माची विभक्ती दाखवणाऱ्या ‘आ’सकट येतो. अभिजात अरबीचे विद्यार्थी घोकतात ती विभक्ती इस्लामपूर्व धनगरांच्या तोंडी होती याचा हा पुरावा.

आता लिपी. एवढी 28 अक्षरांची सोयीची लिपी असताना अरबीने पुढे ती घेतली नाही. आजची अरबी लिपी आली नबातियनांकडून, म्हणजे जॉर्डनमधल्या पेट्रा आणि वायव्य अरबस्तानातल्या हेग्राच्या लोकांकडून. त्यांच्यातल्या अनेकांची नावे अरबी, बोलण्यातही अरबी, पण सरकारी लेखन अरमाईक या दुसऱ्या सेमिटिक भाषेत, 22 अक्षरांत. शाईने भराभर लिहिताना ही अक्षरे एकमेकांना जोडली गेली, त्यांचे आकार घासून सारखे होत गेले. ब, त, न यांचा एकच दात उरला. वर अरबीचे सहा जादा उच्चार जुन्याच अक्षरांत बसवायचे होते. नुक्त्यांची गरज इथून आली. या वारशाची एक खूण अजून जिवंत आहे: ‘अम्र’ हे नाव अरबीत लिहिताना शेवटी एक न उच्चारला जाणारा ‘वाव’ येतो. नबातियन लोक माणसांच्या नावांपुढे तो लावत. राज्य जाऊन एकोणीस शतके झाली, ‘वाव’ टिकला.

मधले टप्पे मोजकेच आहेत, पण पक्के. नेगेवमधल्या एन अवदात इथे अरमाईक लेखात मध्येच अरबी ओळी येतात. हेग्रात इ.स. 267 मध्ये काब याने आपली आई रकूश हिच्या थडग्यावर लिहिलेल्या लेखात दोन्ही भाषा एकमेकींत मिसळल्या आहेत. आणि मग इ.स. 328: सीरियातल्या नमारा इथे पाच ओळी, लिपी नबातियन, भाषा अरबी, थडगे अम्रचा मुलगा इम्रुल्-कैस याचे. हा लेख 1901 मध्ये द्युसो आणि माक्लेर यांना सापडला, आता तो लूव्हर संग्रहालयात आहे. त्यातले शब्द साधारणपणे ‘सर्व अरबांचा राजा’ असे वाचले जातात. दुसऱ्यांनी दिलेले नाव इथे एक राजा स्वतःसाठी, आपल्या भाषेत, पुढे आपली होणाऱ्या लिपीत वापरतो. तीन धागे एकाच दगडावर मला इथे पहिल्यांदा दिसतात.

त्यानंतर नजरानजवळच्या हिमा इथे फ्रेंच-सौदी पथकाला सापडलेला इ.स. 470 चा लेख येतो, त्याच्यासोबत क्रूस आहे. सीरियातल्या हलबजवळच्या (अलेप्पो) झबदच्या चर्चमध्ये 512 साली ग्रीक आणि सीरियाकसोबत अरबी आहे, दक्षिण सीरियातल्या हर्रानला 568 मध्ये ग्रीकसोबत. इस्लामच्या आधी ही लिपी वापरणाऱ्यांत ख्रिस्ती अरब ठळकपणे होते, हे सहज विसरले जाते.

इजिप्तमधल्या 643 सालच्या पपायरसवर, म्हणजे मुस्लिम फौजेला दिलेल्या मेंढ्यांच्या पावतीवर, अक्षरांना नुक्ते दिसतात. पुढच्याच वर्षी, हिजरी 24 मध्ये, अल्-उलाच्या वाटेवरच्या एका खडकावर एका माणसाने लिहिले की मी झुहैर, उमर वारला त्या वेळी, चोवीस साली हे लिहिले. उमर म्हणजे दुसरा खलिफा. सफाइटिकमधले धनगरही आपले नाव लिहून वर्ष असेच सांगत: अमुक घडले ते वर्ष.