ऑइल कूलर : नवतपा लागायच्या आधी एवढं कराच

हिमालयन ४११, इंटरसेप्टर ६५०, पल्सर २२०, अपाची आरटीआर २०० या गाड्यांना इंजिनच्या पुढे अ‍ॅल्युमिनियमची छोटी जाळी असते. तो ऑइल कूलर. बरेच ग्राहक त्याला रेडिएटर समजतात, पण त्यात पाणी नसतं, इंजिनचंच ऑइल फिरतं. जाळीच्या पातळ पाकळ्यांमधून वारा जातो आणि ऑइलची उष्णता घेऊन निघतो. वाऱ्याची वाट बुजली की कूलर असून नसल्यासारखा. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, लागतो २५ मेच्या आसपास. पारा ४५ च्या वर, त्यात सिग्नलला थांबलेल्या गाडीला वाराही नाही. म्हणून कूलर एप्रिलमध्येच साफ करून घ्या, असा आमचा आग्रह आहे.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडची राख किंवा सिमेंट रस्त्यांच्या कामाची धूळ कोरडी असेल तर मऊ ब्रशने निघते. काळ्या मातीचा चिखल मात्र वाळला की पाकळ्यांत दगडासारखा बसतो, त्यावर संध्याकाळच्या प्रवासात चिकटलेले किडे. हे खरवडू नका. इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, जाळीवर ओलं फडकं अर्धा तास ठेवा, मग गाडीच्या शाम्पूचं पाणी आणि जुना मऊ टूथब्रश घ्या. ब्रश पाकळ्यांच्या दिशेनेच फिरवायचा, आडवा नाही. शेवटी साध्या पाइपने, जमेल तिथे मागच्या बाजूने पुढे पाणी सोडा. घाण आली त्याच वाटेने बाहेर पडते.

वॉशिंग सेंटरवर गाडी दिली तर समोर उभे राहा आणि कूलरवर प्रेशर गन मारू देऊ नका. जवळून मारलेल्या धारेने पाकळ्या क्षणात आडव्या होतात, आणि दाबल्या गेलेल्या पाकळ्यांतून वारा जात नाही. चकाकीसाठी डिझेलचा फवाराही नको. त्याचा तेलकट थर पुढची धूळ धरून ठेवतो, रबरी पाइपही खराब करतो. कॉस्टिक किंवा अ‍ॅसिड तर अ‍ॅल्युमिनियमच खातं.

दोन-चार पाकळ्या वाकल्या असतील तर प्लास्टिकच्या पातळ पट्टीने हळूच सरळ होतात. जास्त असतील तर आमच्याकडे आणा.

खडी उडणाऱ्या रस्त्यावर रोज जाणं असेल तर गार्ड जरूर बसवा, पण मोठ्या छिद्रांचा. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी खड्याबरोबर वाराही अडवते. पुढच्या मडगार्डला एक्स्टेंडर लावला तर बराच चिखल तिथेच थांबतो, आणि खर्चही कमी. कूलरसमोर फॉग लाइट किंवा बॅग बांधू नका.

धुताना पाइपच्या जोडाकडे बघा. तिथे काळी, ओलसर धूळ जमली असेल तर ऑइल झिरपतंय. बोल्ट जोर लावून आवळू नका, आटे जातात. बहुतेक वेळा वॉशर बदलला की काम होतं. थेंब पडत असतील तर गाडी चालवू नका. आधी ऑइलची पातळी बघा आणि आम्हाला फोन करा.