दोन धन्यांची चाकरी : मराठी ख्रिस्ती एकनिष्ठेची पार्श्वभूमी

कोणालाही दोन धन्यांची चाकरी करता येत नाही, असे येशूचे वचन आहे. पण मनात ख्रिस्तावर विश्वास आहे ना, मग चारचौघांत बाप्तिस्मा कशाला? एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई-पुण्यात शिकलेल्या घरांतून हा प्रश्न सारखा विचारला जाई. विचारणाऱ्यांची भीती खरी होती. १८३९ मध्ये मुंबईतले स्कॉटिश मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा प्रकरण कोर्टात गेले आणि पालकांनी धडाधड मुले शाळेतून काढली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत अल्पवयीन म्हणून कोर्टाने वडिलांच्या हवाली केला. मग त्या पोराला जातीत परत घ्यायचे की नाही, यावरून रण पेटले. १८५० च्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क वाचवला खरा, पण घरचा पाणवठा, पंगत आणि आईची माया कुठल्या कायद्याने मिळणार होती?

या भीतीतूनच परमहंस सभेसारखी वाट निघाली. १८४९ च्या सुमारास दादोबा पांडुरंग आणि त्यांच्या मित्रांनी ती मुंबईत सुरू केली. जातिभेद मोडायचा, एकच ईश्वर मानायचा, पण सगळे गुप्तपणे. नव्या सभासदाने ख्रिस्ती माणसाच्या हातचा पाव खायचा, ही त्याची परीक्षा. पाव खाऊन माणूस घरी जाई आणि सोवळ्यात जेवायला बसे. सभासद पुरेसे वाढले की उघड व्हायचे, असा बेत होता. तो दिवस उगवलाच नाही. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी चोरीला गेली आणि सभा विरली. त्या मंडळींचे पुढचे काम, विशेषतः प्रार्थना समाजाला त्यांनी घालून दिलेला पाया, मोठाच आहे; त्यांना भित्रे म्हणून निकालात काढणे मला अन्यायाचे वाटते. तरीही लोकांच्या नजरा चुकवून रात्री येशूकडे आलेल्या बायबलमधल्या निकदेमाची आठवण इथे होतेच.

बेळगावचे बाबा पदमनजी याच सभेत होते. मिशनच्या शाळेत शिकलेले, शास्त्र वाचलेले, ख्रिस्त पटलेला, आणि पाय मात्र दोन होड्यांत. अखेर १८५४ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तीनच वर्षांनी आलेली त्यांची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी विधवांच्या हालांवर बोलली. ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात त्यांनी आपली ती सगळी ओढाताण लपवाछपवी न करता मांडली. मराठी ख्रिस्ती माणसाच्या उघड साक्षीचा इतका प्रांजळ दस्तऐवज दुसरा क्वचितच सापडेल.

पण एकनिष्ठेची खरी कसोटी बाप्तिस्म्यानंतर सुरू होते, आणि ती पंडिता रमाबाईंनी जशी दिली तशी कोणी दिली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. आता ही विदुषी चर्चच्या अधिकाऱ्यांचे निमूट ऐकेल, अशी तिथल्या वडीलधाऱ्यांची अपेक्षा होती. रमाबाईंनी तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डीन यांना पत्रातून साफ कळवले, की एका पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या कष्टाने फेकले आहे, दुसरे मानेवर घेणार नाही. क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, शब्द हवेतच तर ते माझ्या देशाच्या संस्कृतात असू द्या, हाही त्यांचाच आग्रह. ख्रिस्ताला धनी मानले म्हणून त्यांनी इंग्रजाला धनी मानले नाही.

घरी परतल्यावर कसोटी उलट बाजूने आली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन ही शाळा उघडली आणि पुढच्या वर्षी ती पुण्यात आली. त्याच १८९० च्या ऑक्टोबरात पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून न्यायमूर्ती रानड्यांपासून लोकमान्य टिळकांपर्यंत साऱ्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचा खटला, आले. चहाच्या पेल्यावरून एवढे, तर प्रार्थनेवरून किती! सदनात धर्माची सक्ती होणार नाही हे रमाबाईंनी कबूल केले होते आणि मुलींना आपापले आचार पाळायची मोकळीक होती. पण स्वतः प्रार्थना करताना त्या खोलीचे दार लावून घेत नसत. मुली आपणहून येऊन बसू लागल्या. ‘केसरी’ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासह सदनाच्या सल्लागारांनी अंग काढून घेतले. पालकांनी मुली नेल्या. दार लावून घेणे सोपे होते. त्यांनी ते केले नाही. सल्लागारांची बाजूही समजण्यासारखी आहे, समाजाला त्यांनी शब्द दिला होता. माझे मन मात्र त्या उघड्या दाराकडेच जाते. पुढे दुष्काळातल्या अनाथ मुलींना पोटाशी धरणारे केडगावचे मुक्ती मिशन रमाबाईंनीच उभे केले.

कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तो घरी न सांगता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई कोसळल्या. त्यांची पुढची काही वर्षे नवऱ्यापासून दूर, नातेवाइकांकडे गेली. १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःला पटल्यावर. टिळकांच्या धैर्याची किंमत आधी बायकोने मोजली, हे विसरून त्यांचे गोडवे गाऊ नयेत. १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरीही सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती.