चंद्रकलांचे अध्यापन

चंद्राचा आकार रोज बदलताना का दिसतो, हे मुलांना निरीक्षणातून आणि प्रतिकृतीच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धती. ग्रहणाचा काळ वगळता चंद्राचा निम्मा पृष्ठभाग सूर्यप्रकाशाने सदैव उजळलेला असतो. त्या उजळ अर्ध्यापैकी किती भाग पृथ्वीकडे वळलेला आहे, यावर कला ठरते. कलांचे एक आवर्तन सरासरी २९.५३ दिवसांत पूर्ण होते.

कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात, हा समज या विषयातील सर्वांत चिवट अडथळा असून तो शिकलेल्या प्रौढांमध्येही आढळतो. केवळ व्याख्या सांगून तो जात नाही. मुलांना दिवसाचा चंद्र दाखवावा लागतो. शुक्ल अष्टमीच्या सुमारास दुपारी सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असताना अर्धा चंद्र पूर्वेकडे वर आलेला असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध दिशेला पडते आणि चंद्र तर सूर्यापासून सुमारे ९० अंशांवरच असतो, तेव्हा सावली त्याच्यावर पडणे शक्यच नाही. याच वेळी उन्हात उभे राहून एक पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने धरला, तर चेंडूवरही तशीच कला उमटते. वर्गातील कोणत्याही आकृतीपेक्षा हा पुरावा अधिक बोलका आहे. मात्र सूर्याकडे थेट पाहू नये, हे मुलांना आधी बजावले पाहिजे.

अंधाऱ्या खोलीतील प्रयोगात दिवा हा सूर्य, मुलाचे डोके ही पृथ्वी आणि हातभर अंतरावरचा चेंडू हा चंद्र असतो. दिव्याकडे तोंड केल्यास अमावास्या दिसते. डावीकडे वळत गेल्यास चेंडूची उजवी कड उजळू लागते व दिव्याकडे पाठ झाल्यावर पौर्णिमा होते. त्या वेळी डोक्याची सावली चेंडूवर पडू नये म्हणून तो थोडा उंच धरावा लागतो. चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंशांनी कललेली असल्यामुळे दर पौर्णिमेला ग्रहण का होत नाही, हेही येथेच उलगडते.

पुस्तकांतील आकृत्यांत चंद्र पृथ्वीच्या फार जवळ काढलेला असतो. पृथ्वी १२ सेंटीमीटर व्यासाची मानली, तर साडेतीन सेंटीमीटरांहून थोडा लहान चंद्र सुमारे ३.६ मीटर दूर ठेवावा लागेल. हे अंतर मुलांनी स्वतः मोजावे.

प्रतिकृतीपूर्वी महिनाभराची निरीक्षणवही आवश्यक आहे. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे कृष्ण पक्षातील नोंदी सकाळी घ्याव्यात. दक्षिण गोलार्धातील मुलांना वाढत्या चंद्राची डावी बाजू उजळलेली दिसते, म्हणून तेथे हाच प्रयोग उजवीकडे वळत करावा लागतो.